तीस दिवसांची फळी

टिचकी माझ्या दारात आली तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वहीत तसं लिहिलेलं आहे. ढकलगाडीवर फुटक्या काचेची दोन पोती होती आणि ती स्वतः घामाने निथळत होती. कशा आहात नाही, काही नाही.

“वहिनी, तुमची मागची कोळशाची खोली रिकामी आहे ना?”

“आहे. कोळसा ठेवायचाय का?”

“नाही. भट्टी लावायचीय.”

“खोलीत?”

“भिंती विटांच्या, छप्पर पत्र्याचं. पेट घेण्यासारखं आत काही नाही. मी बघून घेतलंय.”

“कधी?”

“काल दुपारी. तुम्ही झोपला होतात.”

“मी दुपारी झोपत नाही,” मी म्हटलं. “नुसती डोळे मिटून पडते.”

“हो, घोरत पडला होतात,” ती म्हणाली आणि पोती उतरवायला लागली.

आमचे हे काचेच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि कारखान्याला टाळं लागून सात दिवस. टिचकी तिथे तीस वर्षं तपासनीस होती. पट्ट्यावरून येणारा प्रत्येक पेला ती नळीच्या दिव्यासमोर धरायची, नखाने टिचकी मारायची आणि कानाजवळ न्यायची. ठण्ण वाजला तर खोक्यात. वाजला नाही, किंवा आत बुडबुडा दिसला, किंवा शेजारच्या पेल्यापेक्षा कणभर वेगळा निघाला, तर बाजूच्या पिंपात. पिंपात पडला की फुटायचाच. म्हणून सगळे तिला टिचकी म्हणत. घरी आले की हे सांगायचे, “ती पेला बघत नाही गं, ऐकते.”

कारखान्यातल्या बायका तपासायच्या, पुसायच्या, कागदात गुंडाळायच्या. फुंकनळीला हात फक्त पुरुषांचा. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. नियम लिहिला तर मोडता येतो, म्हणून बहुधा लिहिला नसेल. टिचकीचा थोरला भाऊ फुंकणारा होता, पस्तीस वर्षांच्या अनुभवाचा मिस्त्री. फुंकून फुंकून त्याचे गाल रिकाम्या पिशवीसारखे लोंबायला लागले होते. बहीण शेचाळिसाव्या वर्षी एकटीने भट्टी पेटवणार हे कळल्यावर तो दुसऱ्याच दिवशी आला, अंगणातली बादली उपडी घालून तिच्यावर बसला आणि पुढचं जवळजवळ सव्वा वर्ष रोज सकाळी तिथेच बसला.

“एका पेल्याला सहा माणसं लागतात,” तो म्हणाला. “एक गोळा काढतो, एक फुंकतो, एक सळई लावतो, एक तोंड उघडतो, एक पेटीत नेऊन ठेवतो. तू काय एकटी सहा जणं आहेस?”

“ही पाचच झाली, दादा.”

“सहावी तू. तपासणारी.”

“म्हणजे एक काम येतंच मला. पाच शिकायची राहिली.”

हे वेड तिच्या डोक्यात शिरलं ते आमच्या यांच्याच स्टोअरमध्ये. माल बांधायला जुन्या मासिकांची रद्दी यायची. त्यातल्या एका पानावर फोटो होता. कुठल्याशा परदेशात एक बाई मोटार ठेवायच्या खोलीत लहानशी भट्टी लावून एकटीच काच फुंकत होती. कारखाना नाही, पट्टा नाही, मुकादम नाही. खाली लिहिलं होतं की पूर्वी काच ही कारखान्याचीच वस्तू होती, आता काही लोक ती चित्रासारखी, एका हाताने आणि एका डोक्याने करू बघतायत. टिचकीने ते पान घडी करून डब्यात ठेवलं होतं. अकरा वर्षं. घड्यांवर ते इतकं झिजलं होतं की त्या बाईचा चेहरा गेला होता, नुसती नळी आणि टोकाचा गोळा तेवढा शिल्लक होता.

भट्टी म्हणजे विटांचा एक कमरेएवढा चौकोन, आत मूस, खालून गॅसची ज्योत. मूस म्हणजे मातीचं जाड भांडं, त्यात फुटकी काच घालून वितळवायची. सोमवारी पेटली की ती शनिवारीच विझायची. शेजारी दुसरी पेटी, काच निववायची. तयार पेला बाहेर ठेवला तर बाहेरून चटकन गार होतो आणि आतून गरम राहतो, मग तो स्वतःशीच भांडून फुटतो. म्हणून त्याला तापलेल्या पेटीत ठेवायचं आणि पेटी तासन्‌तास हळूहळू निववायची. टिचकी पहाटे पाचपासून दहापर्यंत फुंकायची आणि साडेदहाला एका चष्म्याच्या दुकानात भिंगांच्या कडा घासायला जायची. पोटासाठी ते काम होतं. मग पेटी कोण निववणार?

“वहिनी, तुम्हाला लिहायची सवय आहेच,” ती म्हणाली. “दर अर्ध्या तासाने हा तापमानाचा काटा बघायचा, आकडा वहीत लिहायचा आणि चावी एवढीशी फिरवायची. दुपारी बारा ते संध्याकाळी सहा.”

मी कॉन्व्हेंटात शिकले. आम्हाला रोजनिशीची सवय लावणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, खरं असेल ते लिहा, नाहीतर पान कोरं सोडा. दहाव्या वर्षापासून मी तसंच केलं होतं. त्यामुळे हे काम मला शोभणारं आहे असं मला वाटलं आणि मी जरा ताठ बसले. त्या वेळी माझं वय अठ्ठावन्न होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला काम दिलं होतं.

पहिल्या महिन्यात टिचकीने जमिनीला भरपूर काच खाऊ घातली. वहीत रोजची नोंद आहे: आज सत्तावीस पडले. आज एकोणीस. आज तेवीस, त्यातला एक चपलेवर. तीस वर्षं बघून तिच्या डोळ्यांना सगळं येत होतं आणि हातांना काही येत नव्हतं. गोळा नळीवर सतत फिरवत ठेवावा लागतो. हात थांबला की तो मधासारखा एका बाजूला ओघळतो. ती फिरवायची, फुंकायची, ओल्या कागदाच्या घडीवर गोळा घोळवायची, आणि नेमकी घाम पुसायला हात उचलायची.

“घाम पुसायला सातवा माणूस ठेव,” बादलीवरून आवाज यायचा.

“तुम्ही बसलायत ना रिकामे.”

“मी प्रेक्षक आहे.”

सगळ्यात अवघड होतं ते पेला नळीवरून सळईवर घेणं. बूड तयार झालं की त्याला तापवलेली सळई चिकटवायची, दुसऱ्या बाजूने नळी तोडायची, मग तोंड तापवून चिमट्याने उघडायचं. त्याला दोन माणसं लागतातच, असं मिस्त्री म्हणायचा. टिचकीने लोहाराकडून दोन बेचक्यांची एक घोडी करून आणली, नळी तिच्यावर टेकवली, डाव्या हाताने सळई आणली, आणि ओला चिमटा मानेवर लावून उजव्या मनगटाने नळीला हलकीशी चापट मारली. पेला सळईवर आला. मिस्त्रीने चहाचा कप खाली ठेवला. त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही, हेसुद्धा मी लिहून ठेवलं आहे.

तिचे पेले कारखान्यासारखे नव्हते. प्रत्येकाच्या अंगावर एक निळी रेघ असायची. औषधाच्या जुन्या निळ्या बाटल्या वितळवून ती त्यांची बारीक कांडी करायची, टोक तापवून गोळ्याभोवती धागा गुंडाळावा तशी एकदाच फिरवायची, मग फुंकायची. काच फुगली की रेघही पसरायची, कुठे जाड, कुठे केसाएवढी. एका पेल्यासारखी दुसऱ्यावर यायची नाही.

“साधा पेला नीट येत नाही, आणि नखरे बघा,” मिस्त्री म्हणाला.

“साधा पेला यंत्र करतं, दादा. म्हणून तर तुम्ही बादलीवर बसलात.”

दुसऱ्या महिन्यात नगरपालिकेची नोटीस आली. वस्तीत भट्टी चालवायची तर कारागीर मंडळाचा दाखला हवा. सव्वा वर्षात आणा, नाहीतर भट्टी पाडू. टिचकी त्याच दिवशी मंडळात जाऊन अट विचारून आली. अट अशी होती: अर्जदाराने एकट्याने केलेले बारा पेले. उंची एक, वजन एक, नक्षी कशीही. मंडळाच्या कचेरीत खिडकीजवळ एक फळी आहे, तिच्यावर ते बारा पेले तीस दिवस नुसते उभे राहतील. कुणी हात लावणार नाही. तीस दिवसांत बारापैकी एकालाही तडा गेला तर अर्ज रद्द. सहा महिन्यांनी आणखी एकदा संधी, त्यानंतर नाही.

“नुसते उभे राहायचेत?” मी म्हटलं. “मग सोपंच आहे की.”

“सोपं नाही, वहिनी. काचेच्या मनात राग राहिला असेल तर तो लगेच दिसत नाही. आठवड्यांनी फुटते.”

आता मला माझं एक पान सांगायचं आहे. तिसऱ्या महिन्यातला गुरुवार. पेटीत पाच पेले होते, पाचही बिनरेघेचे. घोडीवर हात बसावा म्हणून ती सकाळभर साधेच फुंकायची तेव्हा. दोनचा आकडा मी लिहिला, आणि खुर्चीतच डोळे मिटून पडले. जाग आली तेव्हा पावणेचार झाले होते. गॅसची टाकी संपून ज्योत विझली होती. काटा जिथे असायला हवा होता त्याच्या दीडशे अंश खाली होता. मी धावपळ करून दुसरी टाकी लावली, ज्योत पेटवली, आणि वही उघडून अडीच, तीन, साडेतीन या तिन्ही वेळांपुढे काय असायला हवं होतं ते आकडे लिहिले. बुधवारचे आकडे बघून लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

शुक्रवारी सकाळी पेटी उघडली तर पाचपैकी तीन पेले उभे चिरलेले. टिचकीने माझी वही घेतली, बोट ठेवून एकेक आकडा वाचला आणि मान हलवली.

“पेटी बरोबर निवलीय. म्हणजे चूक माझी. बूड जाड राहतंय.”

मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, “वहिनींची वही म्हणजे सरकारी घड्याळ,” आणि मी तोंड मिटलं.

पुढचे दोन महिने तिने बुडं पातळ करण्यात घालवले. पातळ बूड एकट्या हाताने सळईवर घेणं म्हणजे अंड्याला खिळा मारण्यासारखं. तिच्या मनगटावर भाजल्याचे चार डाग पडले. मधूनमधून निळ्या रेघेचा एखादा पेला कपाटात उभ्याउभ्या तडकायचा. टिक्‌ असा बारीक आवाज यायचा, मी वेळ लिहायची: मंगळवार, अकरा चाळीस, रेघवाला. शनिवार, सव्वाचार, रेघवाला. ती म्हणायची, अजून पातळ करते. तिला दुसरं कारण शोधायची गरजच नव्हती, कारण साधेही फुटलेले तिने डोळ्यांनी पाहिले होते.

पाचव्या महिन्यात तिने बारा पेले निवडले, टिचकी मारून एकेक ऐकला आणि मंडळात नेऊन दिले. परीक्षक हाडकुळा, कमी बोलणारा गृहस्थ होता. त्याने वजन केलं, उंची मोजली, फळीवर एक ते बारा क्रमांकांच्या चिठ्ठ्यांपुढे पेले मांडले आणि तारीख घातली.

एकोणिसाव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. क्रमांक चार आणि क्रमांक नऊ यांना तडे गेले आहेत. सामान घेऊन जावे.

उरलेले दहा तिने घरी आणले, पायरीवर ओळीने मांडले आणि त्यांच्यासमोर बसून राहिली. मिस्त्री बादलीवर होता. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “पेटी घाईने निवली की असं होतं. पेटीपाशी कोण असतं?”

“वहिनींच्या वहीत एक आकडा इकडचा तिकडे नाही,” टिचकी म्हणाली. “उगाच त्यांना बोलू नका.”

ती माझी बाजू घेत होती. ते मला सहन झालं नाही. मी आत गेले, वही आणली, त्या गुरुवारचं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं.

“हे तीन आकडे खोटे आहेत,” मी म्हटलं. “मला झोप लागली होती. ज्योत विझली होती. पावणेदोन तास.”

तिने पान पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“दोन महिने, वहिनी,” ती म्हणाली. “दोन महिने मी बुडं खरवडत बसले.”

“हो.”

“आणि तुम्ही तिथे बसून बघत होतात.”

“हो.”

यापेक्षा जास्त काही तिने बोलायला हवं होतं, निदान मला तरी तसं वाटत होतं. पण ती उठली, भट्टीपर्यंत गेली, परत आली आणि हात पुढे केला.

“पेन्सिल द्या.”

तिने त्या गुरुवारच्या पानावर काट मारली. मग पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी वाचत गेले, ती मागच्या कोऱ्या पानावर दोन रकाने करून तडकलेल्यांच्या खुणा करत गेली. साधे पेले एका बाजूला, रेघवाले दुसऱ्या बाजूला. तो गुरुवार वगळला तर साध्या पेल्यांच्या रकान्यात एकही खूण नव्हती. एकही नाही. रेघवाल्यांच्या रकान्यात सतरा होत्या.

“बुडाचा काही संबंध नाही,” ती हळूच म्हणाली. “पेटीचाही नाही. निळा.”

“मग निळा सोडून दे,” मी म्हटलं. मला तिला काहीतरी सोपं करून द्यायचं होतं. “साधे बारा कर, दाखला घे.”

“आणि मग?”

“मग आयुष्यभर साधे कर.”

“वहिनी, तीस वर्षं मी वेगळा दिसला की फोडत आले. माझ्या हाताने किती फुटले असतील त्याचा हिशेब देवालाही लागायचा नाही. आता एकसारखे करायला भट्टी लावली का मी?”

बादलीवर मिस्त्री खाकरला. “दोन काचा एकमेकींना चालतात का, ते आधी विचारायचं असतं,” तो म्हणाला.

“कुणाला?”

“काचेलाच. आण इकडे.”

आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तो बादलीवरून उठला. त्याने एका सळईवर साध्या काचेचा बोराएवढा थेंब घेतला, त्याच्या अंगाला लावून निळ्या काचेचा तेवढाच थेंब चिकटवला, दोन्ही एकत्र तापवून चिमट्याने धरले आणि सरसर मागे गेला. हातभर लांब तार निघाली, अर्धी पांढरी, अर्धी निळी, सुतळीपेक्षा बारीक. जमिनीवर ठेवली तेव्हा सरळ होती. आम्ही तिघं वाकून बघत होतो. निवता निवता ती आपोआप वळायला लागली आणि धनुष्यासारखी वाकून थांबली.

“बघ. गार होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी. तारेला वाकता येतं म्हणून वाकली. पेल्याला वाकता येत नाही, तो फुटतो. यांची सोयरीक जमायची नाही.”

टिचकी तारेकडे बघत म्हणाली, “दादा, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

“आमच्या उस्तादाने दाखवलं होतं एकदा. कारखान्यात रंग कधी मिसळलाच नाही, मग कशाला लागतंय?”

“मला का नाही सांगितलं?”

“तू विचारलंस कधी?”

“रोज सकाळी इथे बसून चहा प्यालात तुम्ही!”

“चहा विचारलास. तो प्यालो.”

ती इतकी चिडली की हसली. मग मीही हसले, आणि त्या हसण्यात माझा गुरुवार थोडासा हलका झाला. माफ झाला असं नाही म्हणणार.

पुढचे सहा महिने आमच्या घरी तारा निघाल्या. आधी तिने मिळेल त्या निळ्या काचेची तार ओढून पाहिली. अत्तराची बाटली, शाईची दौत, कुठल्यातरी जुन्या दिव्याची चिमणी. सगळ्या वाकल्या, कुणी कमी, कुणी जास्त. प्रत्येक तारेचा बोटभर तुकडा मी डिंकाच्या कागदाने वहीत चिकटवत गेले, खाली कुठून आणली ते लिहून. वही जाडजूड झाली, मिटेना. मिस्त्री म्हणाला, या वहीने कुणाला मारलं तर खून होईल.

अठ्ठावीस तारांनंतर टिचकी म्हणाली, “दुसऱ्याच्या घरची आणायचीच कशाला? आपल्याच काचेला निळी करते.”

रंगवाल्याकडून तिने कोबाल्टची भुकटी आणली. दिसायला काळी. लहान मुशीत तिने पोत्यातली तीच साधी काच वितळवली आणि चमचाभर भुकटी टाकली. बाहेर आली ती शाईपेक्षा काळी, आणि तारही किंचित वाकली. मग अर्धा चमचा. मग पाव. मग चमचा बाजूला ठेवून चिमूट. चिमटीतलीही झटकून बोटाला राहील तेवढीच. रंग नीट मिसळायला ती सकाळी लोखंडी सळईने दर तासाला मूस ढवळायची, चष्म्याच्या दुकानात दुपारची सुट्टी झाली की धावत यायची, ढवळायची आणि धावत जायची. तिकडच्या मालकाने विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? ती म्हणाली, हो, ताप उतरू द्यायचा नाहीये.

मी माझ्या परीने एक केलं. दुपारी खुर्चीत बसणं बंद केलं. बारा ते सहा मी उभी राहायची, पाय दुखले तर चालायची. डोळे मिटून पडायचं ते रात्री.

एकेचाळिसावी तार एका बुधवारी सकाळी निघाली. टिचकीने ती फरशीवर ठेवली. आम्ही थांबलो. मिस्त्रीने चहा हातात धरला होता, प्याला नाही. तार निवली. मी माझी शाळेतली लाकडी पट्टी आणून तिच्या कडेला लावली. पट्टी आणि तार यांच्यामध्ये कुठेही फट नव्हती.

“चहा गार झाला,” मिस्त्री म्हणाला. “दुसरा कर.” म्हणजे तो खूष होता.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघंही मंडळात गेलो. अटींच्या कागदावर या वेळी एक नवीन ओळ होती: पेटीच्या तापमानाची वही सोबत जोडावी. तो कागद आला तेव्हाच मी टिचकीला म्हटलं होतं, मी ती नव्याने उतरवून काढते, त्या गुरुवारचं पान गाळून.

“नाही,” ती म्हणाली. “हीच द्यायची.”

परीक्षकाने वजन केलं, उंची मोजली, बाराच्या बारा फळीवर मांडले. मग वही उघडली. तारांवरून बोट फिरवत तो हळूहळू मागची पानं उलटत गेला आणि काट मारलेल्या पानावर थांबला. खाली माझ्या अक्षरात लिहिलं होतं: वरचे तीन आकडे खोटे आहेत. झोप लागली होती.

“हे काय?”

माझी मान खाली गेली. टिचकी म्हणाली, “लिहिलंय तेच आहे. ते पान खरं झालं म्हणून पुढचं सापडलं.”

त्याने वही मिटण्याचा प्रयत्न केला. मिटली नाही. त्याने ती तशीच, अर्धी उघडी, फळीच्या टोकाला ठेवली.

ते तीस दिवस टिचकी नेहमीसारखी पाचला भट्टीपाशी आली, दहापर्यंत फुंकत राहिली, दुकानात गेली. पोस्टमन दिसला की मात्र ती भट्टीकडे तोंड फिरवायची. एकोणिसाव्या दिवशी मिस्त्री आला, बसला, आणि दिवसभर उठलाच नाही. जेवायलासुद्धा गेला नाही. पोस्टमन आला आणि पुढे गेला.

तिसाव्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा खिडकीतून ऊन सरळ फळीवर पडलं होतं, आणि मागच्या भिंतीवर बारा निळ्या रेघा उमटल्या होत्या, प्रत्येक निराळी. परीक्षकाचा भिंगाने एकेक पेला बघून झाला होता. त्याने दाखल्याचा कागद पुढे ओढला, मग थांबला.

“तुम्ही तपासनीस होतात म्हणे. सही करण्याआधी तुम्हीच तपासा.”

टिचकीने पहिला पेला उचलला, उजेडात धरला, नखाने टिचकी मारली आणि कानाशी नेला. ठण्ण. दुसरा. तिसरा. कचेरीतल्या कारकुनाने टाइप करणं थांबवलं. सातव्यापाशी ती थबकली. उजेडात फिरवून पुन्हा बघितलं. मिस्त्रीने माझं मनगट धरलं.

“यात बुडबुडा आहे,” ती म्हणाली. “रेघेच्या खाली, मोहरीएवढा. कारखान्यात हा मी पिंपात टाकला असता.”

“माझ्या भिंगाला दिसला नाही,” परीक्षक म्हणाला. “वाजतो का?”

तिने टिचकी मारली. तो वाजला. बराच वेळ वाजत राहिला.

“अटीत बुडबुड्याचं काही लिहिलेलं नाही,” परीक्षक म्हणाला. “पण तुम्ही म्हणाल तर बाजूला काढतो. मग मात्र अकराच राहतील.”

पिंप तिथे नव्हतं, पण तिचा हात सवयीने उजवीकडे गेला, तीस वर्षं जिथे पिंप असायचं तिथे. तिथून तो परत आला. तिने सातवा पेला सातव्या चिठ्ठीपुढे ठेवला, जिथे होता तिथेच, आणि आठवा उचलला.

दाखल्यावर मदतनीस असा एक रकाना होता. तिथे तिने माझं नाव घातलं, आणि पुढे काम या शब्दासमोर लिहिलं: पेटी निववणे, दुपारी बारा ते सहा. त्या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. मिस्त्री गेला, बादली अजून आहे. टिचकी सदुसष्ट वर्षांची आहे आणि आज सकाळी तिने चौदा पेले केले, एक पडला. सातवा माझ्याकडे आहे. मी त्यातून पाणी पिते. रेघेच्या खाली अंगठा टेकला की बुडबुडा लागत नाही, तो आत आहे, पण तो नेमका कुठे आहे ते माझ्या अंगठ्याला माहीत आहे. आता बारा वाजायला पाच मिनिटं आहेत. उठायला हवं.